खेळ सोडू नका, सूट सोडा

नेरूळहून एका वाचकांचे दीर्घ पत्र आले आहे. ते ४३ वर्षांचे आहेत आणि महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून खेळले आहेत. शेवटच्या वर्षाला असताना वडील वयाच्या ५१व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. धाकट्या बहिणीचे शिक्षण बाकी होते, म्हणून रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या निवड चाचणीला न जाता त्यांनी मिळाली ती नोकरी धरली. आज ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहेत. घरी ७२ वर्षांची आई, बँकेत नोकरी करणारी पत्नी, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा आहे. दोन वर्षांपूर्वी जुन्या सोबत्यांनी रविवारी सकाळी वाशीला पुन्हा खेळायला सुरुवात केली, तेव्हापासून ‘जिवात जीव आला’ असे ते लिहितात. मध्यंतरी उडी मारून उतरताना गुडघा मुरगळला आणि महिनाभर घरी बसावे लागले. आता डिसेंबरमध्ये चाळिशीवरील खेळाडूंची स्पर्धा आहे, तिच्यासाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव ठरला आहे, आणि घरातून विरोध आहे. पत्नी म्हणते, ‘रविवारी तू घरात पाहुण्यासारखा येतोस.’ आई साडेनऊपासून फोन करू लागते. मुलगी शाळेच्या चौदा वर्षांखालील संघात खेळते, पण बाबांनी सामन्याला येऊ नये असे तिने आईकरवी कळवले आहे. वाचकांचा प्रश्न असा: ‘घरासाठी मी एकदा खेळ सोडला. आता पुन्हा सोडायचा का?’

नमस्कार.

उत्तर आधी देऊन टाकते. खेळ सोडू नका. डिसेंबरची स्पर्धा मात्र या वर्षी सोडा.

खेळ सोडू नका असे मी केवळ तुमचे मन राखण्यासाठी म्हणत नाही. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत घालवणारा माणूस चाळिशीनंतर कोणाच्याही आग्रहाशिवाय पहाटे उठून धावायला जातो, ही गोष्ट ज्या घरात आपोआप घडते त्या घराने ती सहजासहजी बंद पाडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे दमवणारा व्यायाम करावा, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. तुमचा रविवार यातला दमवणारा भाग एका सकाळीच उरकतो. स्नायूंचा भाग पत्रात कुठेच दिसत नाही. गुडघ्याच्या दुखण्यात त्या न केलेल्या भागाचा वाटा मोठा असावा, पण त्याआधी दुसरे एक बोलायला हवे.

‘वडील ५१व्या वर्षी गेले’ हे वाक्य तुम्ही खेळ का सुटला ते सांगताना ओघात लिहिले आहे. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर त्या माणसाचा धोका इतरांपेक्षा अधिक धरतात. तुम्ही गुडघ्याचा एक्स-रे काढला, एमआरआय काढला, दोन अस्थिरोगतज्ज्ञांची मते घेतली. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी यांपैकी एकाचाही उल्लेख त्याच पत्रात नाही. आठवडाभर बसून राहायचे आणि रविवारी सकाळी एकदम सगळी ताकद लावून धावायचे, हा प्रकार घरात असा इतिहास असणाऱ्याने तपासणीशिवाय करू नये. फिजिशियनकडे जा, वडिलांचे वय आणि कारण स्पष्ट सांगा, ‘थोडाफार व्यायाम करतो’ असे मोघम न बोलता काय आणि किती खेळता तेही सांगा, आणि स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी, लागेल की नाही हे त्यांना ठरवू द्या. खेळताना छातीवर दडपण आले, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ गेली, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली किंवा चक्कर आली, तर क्वार्टर संपायची वाट न पाहता बाहेर यायचे आणि लगेच रुग्णालय गाठायचे.

आईच्या फोनवरून मित्र चेष्टा करतात आणि तुम्हाला संकोच वाटतो. ऑफिसला गेलेले वडील परत आले नाहीत, हे तुम्हीच लिहिले आहे. मुलाचे वय पन्नाशीकडे झुकू लागले असताना त्या बाईला साडेनऊनंतर चैन पडत नसेल तर त्यात नवल ते काय? तपासण्यांचे कागद तिला दाखवा आणि खेळ संपताच, चहाच्या आधी, तुम्ही स्वतः फोन करा.

आता गुडघा. बास्केटबॉल पाहणाऱ्याला उड्यांचा खेळ वाटतो. खेळणाऱ्याला ठाऊक असते की त्यात खरी कसोटी थांबण्याची आणि वळण्याची असते. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद जागेत दहा माणसे दर काही सेकंदांनी दिशा बदलत असतात, आणि गुडघा बहुधा उतरताना किंवा पाय रोवून वळताना दुखावतो. विसाव्या वर्षी हा भार मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झेलत होते. आज ते स्नायू सैल पडले आहेत, वजन तुम्हीच लिहिल्याप्रमाणे १४ किलोंनी वाढले आहे, पायाखाली लाकडी कोर्टाऐवजी सिमेंट आहे, आणि डोक्याला मात्र उडी पूर्वीइतकीच आठवते. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल व्यक्तींच्या अभ्यासात असे आढळले आहे की एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. नी-कॅपने ऊब मिळते आणि धीरही येतो. मुरगळणारा गुडघा तिला अडवता येत नाही.

म्हणून खेळाडूंवर उपचार करण्याचा अनुभव असलेला फिजिओथेरपिस्ट गाठा. दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहून सावकाश अर्धवट बसता येते का, बसताना गुडघा आत झुकतो का, त्याच पायावर पुढे उडी घेऊन न डगमगता थांबता येते का, हे तो पाहील, आणि दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी होईपर्यंत तुम्हाला सामना खेळू देणार नाही. याला काही आठवडे नव्हे, काही महिने लागू शकतात. डिसेंबर नको म्हणते ते त्यासाठीच. दिवसभर काम करून संध्याकाळी, थकलेल्या पायांनी, आठवड्यातून तीनदा सराव केला तर तुम्ही स्पर्धेच्या आधीच पुन्हा घरी बसाल. तुमच्या वयाच्या, मधूनमधून खेळणाऱ्या पुरुषांची आणखी एक ठरलेली दुखापत आहे: झटक्यात पाऊल मारताना टाचेमागची अकिलीस कंडरा तुटणे. ज्यांची ती तुटली आहे ते सांगतात की मागून कोणी लाथ घातली असे वाटले, आणि वळून पाहिले तर मागे कोणीच नव्हते. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून टाचा सावकाश खाली-वर करण्याचा साधा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या.

तुमच्यातील एकाने ‘मग थ्री-बाय-थ्री’, म्हणजे तीन-तीन जणांचा सामना, ‘खेळू, अर्धेच कोर्ट लागते’ असे सुचवले आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये समावेश झाल्यापासून तो प्रकार बराच माहीत झाला आहे. अर्धे कोर्ट म्हणजे अर्धे कष्ट, असा समज करून घेऊ नका. सामना दहा मिनिटांत किंवा २१ गुणांना संपतो हे खरे, पण शॉट घ्यायला २४ ऐवजी १२ सेकंद मिळतात, बास्केट झाली तरी खेळ चालूच राहतो, आणि माणसे इतकी थोडी की दम खायला आडोसा मिळत नाही. तुमचा पाच-पाचांचा संथ रविवार गुडघ्याला त्यापेक्षा पुष्कळ सोसेल.

इथपर्यंतचे कोणीही चांगला डॉक्टर सांगेल. पत्नीच्या ज्या वाक्याचा तुम्हाला राग आला आहे, त्याकडे वळते.

ज्या घरात मुलगा चांगला खेळतो त्या घरात त्याला एक सूट मिळते. ती कोणी जाहीर करत नाही. सामने सुरू झाले की त्याला दळण आणायला कोणी पाठवत नाही. उशिरा आला तरी ताट झाकून ठेवलेले असते. घामाने भिजलेली जर्सी सकाळी दोरीवर वाळत असते आणि ती कोणी धुतली हे त्याने विचारलेले नसते. विद्यापीठाच्या दिवसांविषयी लिहिताना तुम्ही आईच्या हातच्या शिऱ्याची आठवण काढली आहे, आणि बहीण तुमची किटबॅग भरून ठेवत असे हेही कौतुकाने लिहिले आहे. त्या वयात ती सूट रास्तच होती. सकाळ-संध्याकाळ सराव करून परीक्षा देणाऱ्या मुलाला घराने तेवढे द्यावे. पण दोन वर्षांपूर्वी तुम्ही कोर्टवर परतलात, तेव्हा ती सूटही तुमच्या मागोमाग घरात शिरली. ती पुरवण्याचे काम आता पत्नीकडे आले आहे, आणि तिला कोणी विचारलेले नाही.

तुमच्या पत्रातूनच रविवार मांडून पाहते. सहाला घर सोडायचे, साडेसहा ते साडेआठ खेळ, मग मिसळ आणि चहा, अकराला घरी, आंघोळ, जेवण, आणि मग तीनपर्यंत झोप. दोन तासांचा खेळ घराला नऊ तासांना पडतो. या नऊ तासांत मुलाला पोहण्याच्या वर्गाला कोण नेते, आठवड्याची भाजी कोण आणते, आईच्या गोळ्या संपल्या आहेत हे कोणाच्या लक्षात येते, याविषयी पत्रात एक अक्षर नाही. आणि तुम्ही ते लपवले आहे असेही मला वाटत नाही. तुम्हाला ते दिसत नसावे. शिवाय तुमच्या कंपनीला शनिवार-रविवार दोन्ही सुट्ट्या आहेत. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार तेवढा मिळतो. म्हणजे महिन्यातल्या निम्म्या आठवड्यांत तुमच्या पत्नीला एकच सुट्टी मिळते आणि तुम्ही नेमकी तीच घेता. सोबत्यांना शनिवार जमत असेल तर खेळ शनिवारी न्या. जमत नसेल तर घरची जी कामे रविवारवर साठतात ती शनिवारी तुम्ही एकट्याने, तिला काय आणू, कुठून आणू असे न विचारता, उरकून ठेवा. आणि मिसळ बंद करा, निदान महिन्यातून एकदाच ठेवा. वाशीहून नेरूळला लोकलने पाव तासही लागत नाही. साडेनऊला घरी आलेला माणूस दुपारी झोपला तरी कोणी त्याला पाहुणा म्हणणार नाही. तर्रीचा आणि वाढलेल्या १४ किलोंचाही काही संबंध आहेच, पण तो तुमचा तुम्ही पाहा.

तुमच्या मूळ प्रश्नातला पहिला भाग मला अधिक त्रासदायक वाटतो. घरासाठी तुम्ही एकदा खेळ सोडलात, हे खरे आहे, आणि बाविशीच्या आत तो निर्णय घेणाऱ्या मुलाविषयी मला आदर आहे. पण त्याची वसुली तुम्ही ज्यांच्याकडून करू पाहता आहात त्यांनी तो त्याग मागितला नव्हता. पत्नी तेव्हा तुमच्या आयुष्यात आली नव्हती आणि मुले जन्मली नव्हती. आणखी एक गोष्ट थोडी कठोर आहे. त्या चाचणीत तुमची निवड झाली असती असे धरून चालू. आपल्याकडे बास्केटबॉलवर चरितार्थ चालणे विरळाच. पुरुषांचा भारतीय संघ ऑलिंपिकमध्ये एकदाच, १९८० साली मॉस्कोला, खेळला आहे. म्हणूनच रेल्वे, पोलीस, सेनादले आणि बँका यांच्या नोकऱ्यांना खेळाडूंच्या लेखी एवढे मोल आले. तुम्ही रेल्वेकडून आठ-दहा वर्षे खेळला असता, देशभर फिरला असता, राष्ट्रीय स्पर्धेतले एखादे पदक आज काचेच्या कपाटात असते. त्यानंतर टेबल आणि खुर्ची आलीच असती. निवड झाली असती तरी आज ४३व्या वर्षी तुम्ही माजी खेळाडूच असता, आणि गुडघा कदाचित याहून अधिक झिजलेला असता. त्या हुकलेल्या वर्षांची हळहळ खुशाल वाटू द्या, ती खोटी नाही. तिची भरपाई आजच्या रविवारांतून होणार नाही, एवढेच.

पत्राच्या चौथ्या पानावर तुम्ही लिहिता, ‘ती स्वतः शाळेत असताना ठाणे जिल्ह्याकडून खो-खो खेळली आहे, तरी तिला खेळाडूचे मन कळत नाही.’ तुमच्या खेळाला दीड पान मिळाले आहे आणि तिच्या खेळाला अर्धे वाक्य, तेही तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून. जिल्ह्याच्या संघात जागा मिळवलेल्या मुलीला खेळाडूचे मन कळत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तुम्हाला मिळाली ती सूट तिला कधी मिळाली का, आणि मिळाली असल्यास कोणत्या इयत्तेपर्यंत, हे तुम्ही तिला विचारा. खेळ केव्हा थांबला, कोणाच्या सांगण्यावरून थांबला, संघातल्या कोणाशी अजून बोलणे होते का, हेही विचारा, आणि ती सांगत असताना विद्यापीठाची गोष्ट मध्ये आणू नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या महिला व पुरुष, दोन्ही संघांनी तो जिंकला. ते सामने तुमच्या घरच्या टीव्हीवर लागले होते का, आठवून पाहा. त्यानंतर आठवड्यातले काही तास तिच्या नावाने मोकळे करा, जसे तुमचे असतात तसे, घर पूर्णपणे तुमच्या हाती ठेवून. त्या वेळात ती मैदानावर जाते, मैत्रिणीकडे जाते की दार लावून झोपते, याची चौकशी करायची नाही.

मुलीचे काय चुकले आहे असे तुम्ही विचारता. तिचे काहीच चुकलेले नाही. तुम्ही रेषेबाहेरून ‘कोपर आत घे’, ‘बॉक्स आउट कर’ (म्हणजे प्रतिस्पर्ध्याला रिंगपासून अडवून धर) असे ओरडता, आणि एकदा पंचांशी हुज्जतही घातली, हे तुम्हीच प्रांजळपणे लिहिले आहे. तेरा वर्षांच्या मुलीला प्रशिक्षक एक सांगतात, वडील दुसरे सांगतात, आणि मैत्रिणी हे सगळे ऐकत असतात. त्यात रात्री इमारतीखाली तुम्ही तिला तुमच्या जुन्या, सात नंबरच्या चेंडूने शॉट मारायला लावता. महिलांचा आणि मुलींचा खेळ सहा नंबरच्या चेंडूने होतो. तो परिघाने लहान आणि वजनाने सुमारे ७० ग्रॅम हलका असतो, रिंग मात्र दोघांनाही ३.०५ मीटरवरच असते. तुमचा जड चेंडू तिथवर पोहोचवायचा तर तिला तो खांद्यावरून ढकलावा लागतो आणि कोपर बाहेर जाते. ज्या कोपरावरून तुम्ही तिला भर सामन्यात टोकता, त्याची सवय लावण्यात तुमच्या चेंडूचाही हातभार आहे. तो चेंडू कपाटावर ठेवा आणि सहा नंबरचा आणा. सामन्याला ती बोलावेपर्यंत जाऊ नका. इमारतीखाली ती म्हणेल तेव्हा रिंगखाली उभे राहा, तिने मारलेला चेंडू गोळा करा आणि छातीच्या उंचीवर, तिला घेता येईल असा परत द्या. तिने विचारले तरच बोला, आणि विचारले तेवढेच. विद्यापीठ पातळीवर खेळलेला रिबाउंडर, म्हणजे परतलेला चेंडू गोळा करणारा, घरातच मिळणे ही चैन आहे, हे तिचे तिला कळेल. दहावीच्या वाढीव क्रीडा गुणांचा विषय तूर्त काढूच नका.

राहिला तुमचा संघ. त्यांना आत्ताच कळवा, म्हणजे त्यांना दुसरा खेळाडू पाहता येईल. ऐनवेळी माघार घेतलीत तर ते रास्तपणे चिडतील. स्पर्धेपासून अगदीच दूर राहवत नसेल तर टेबलवर बसा. स्कोअरशीट, खेळाचे घड्याळ आणि शॉट क्लॉक सांभाळायला नियम जाणणारी माणसे लागतातच, आणि हौशी स्पर्धांमध्ये ती सहसा सामना सुरू होताना शोधली जातात. मात्र कोणत्या दिवशी जायचे ते पत्नीशी ठरवून मगच शब्द द्या.

हे सगळे एकाच रविवारी जाहीर करू नका. एका रात्रीत शहाणा झालेला नवरा घरात संशयालाच पात्र ठरतो. आधी फिजिशियनची वेळ घ्या, मग संघाला फोन करा, आणि पत्नीशी बोलायला बसाल तेव्हा या दोन्ही गोष्टी झालेल्या असू द्या. तिची बाजू तुमच्या पत्रातल्यापेक्षा वेगळी निघेलच. ती मला सांगावीशी वाटली तर तिने स्वतंत्र पत्र लिहावे. तिचेही नाव छापले जाणार नाही.